निर्गुडीच्या पानांपासून चांदीचे नॅनोकण: 'जैववैद्यकीय उपयोग' हे प्रकरण कशाच्या आधारे लिहावे?

ओढ्याकाठी

सर्व जाणकारांना नमस्कार. मी वनस्पतिशास्त्र विषयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे आणि निर्गुडीच्या पानांच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण तयार करण्याचा माझा प्रकल्प आहे. प्रबंधाची पहिली तीन प्रकरणे लिहून झाली असून 'जैववैद्यकीय उपयोग' या चौथ्या प्रकरणापाशी मी अडकले आहे, कारण माझ्या हातातले आकडे जेवढे सांगतात त्यापेक्षा कितीतरी मोठी विधाने याच विषयावरील शोधनिबंधांत सर्रास वाचायला मिळतात.

केलेले काम असे आहे. पाने धुऊन, त्यांपैकी १० ग्रॅम बारीक चिरून १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात २० मिनिटे उकळली आणि अर्क गाळून घेतला. १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या ९० मिलिलिटर द्रावणात हा अर्क १० मिलिलिटर घालून मिश्रण अंधारात ठेवले. तासाभरात फिकट पिवळा रंग गडद तपकिरी झाला आणि शोषणाचे शिखर ४३४ नॅनोमीटरवर मिळाले. सेंट्रिफ्यूज करून, दोनदा धुऊन आणि वाळवून ३१ मिलिग्रॅम भुकटी हाती आली. तिच्या क्ष-किरण विवर्तनात ३८.१, ४४.३, ६४.५ आणि ७७.४ अंशांवर चांदीची शिखरे आहेत. परंतु त्यांशिवाय २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांवरही ठळक शिखरे आहेत. विवर्तनावरून काढलेला आकार सुमारे १३ नॅनोमीटर येतो, तर डीएलएस यंत्र (विखुरलेल्या प्रकाशावरून द्रवातील कणांचा आकार मोजणारे) ९६ नॅनोमीटर दाखवते.

भुकटीचे पाण्यातील १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर मिश्रण ६ मिलिमीटर व्यासाच्या खाचेत ५० मायक्रोलिटर घातल्यावर ई. कोलायविरुद्ध १३ मिलिमीटर आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसविरुद्ध ११ मिलिमीटर प्रतिबंध-वलय (जिवाणू न वाढलेला गोल भाग) मिळाले. नुसत्या अर्काला वलय मिळाले नाही. सिल्व्हर नायट्रेटचे नियंत्रण (तुलनेसाठीची खाच) ठेवलेले नाही, कारण 'ते मारणारच, त्यात दाखवायचे काय' असे तेव्हा ठरले.

आता माझ्या शंका मांडते. जास्तीच्या शिखरांविषयी 'अर्कातील जैव-सेंद्रिय घटकांच्या स्फटिकीभवनामुळे' असे लिहावे, असा सल्ला वरच्या वर्गातील एका ताईंनी दिला आहे. तो बरोबर आहे का? १३ आणि ९६ यांपैकी कोणता आकार खरा मानावा? आणि या वलयांच्या जोरावर 'प्रभावी जिवाणुरोधक, जखमांवर व कर्करोगावर उपयुक्त' असे लिहिता येईल का? टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी) परवडणारे नाही, तरीही महिनाभरात जे करता येईल ते करण्याची माझी तयारी आहे.

जुना_रसायनी

तुम्ही वजन लिहिले हे फार चांगले केले, कारण बहुतेक विद्यार्थी ते लिहीत नाहीत आणि तुमच्या प्रश्नांची अर्धी उत्तरे त्या ३१ मिलिग्रॅममध्येच आहेत. ९० मिलिलिटर, १ मिलिमोलर द्रावणात चांदी ०.०९ मिलिमोल, म्हणजे अवघी ९.७ मिलिग्रॅम असते. तिचा शेवटचा अणूसुद्धा तुमच्या भुकटीत आला असे धरले, तरी भुकटीच्या वजनात चांदी जास्तीत जास्त ३१ टक्के भरते. उरलेले दोन तृतीयांश काय आहे, हे विचारल्याशिवाय 'नॅनोकणांची मात्रा' हा शब्द वापरता येणार नाही.

त्या उरलेल्यातील एक भाग तुमच्या जास्तीच्या शिखरांनी सांगून टाकला आहे. २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंश या सिल्व्हर क्लोराइडच्या नेहमीच्या जागा आहेत. 'जैव-सेंद्रिय घटकांचे स्फटिकीभवन' हे भारदस्त वाक्य एका निबंधातून दुसऱ्यात उतरत आले आहे. ते लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी शिखरे प्रमाण तक्त्याशी ताडून पाहिली असतील याविषयी मला शंका आहे. हिरव्या पानात क्लोराइड असतेच, शिवाय पाने नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याने धुतली असतील तर त्यात आणखी भर पडते. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार (पाण्यात किती विरघळते याचे माप) १.८ गुणिले १० चा उणे दहावा घात इतका लहान आहे. त्यामुळे तुमच्या द्रावणात लिटरमागे सहा-सात मायक्रोग्रॅम क्लोराइड असले, तरी अवक्षेप पडण्याची सीमा गाठली जाते, आणि पानांच्या काढ्यात क्लोराइड याच्या कित्येक पट असते.

याची खातरजमा शाळेतल्या प्रयोगाने होईल. भुकटीचा कण परीक्षानळीत घेऊन विरल अमोनियाने खळखळवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचे द्रव विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करा. पांढरी गढूळता आली तर ते सिल्व्हर क्लोराइड होते. अमोनियातील चांदीचे द्रावण मात्र कधीही साठवू नका. ते राहू दिले तर त्यातून स्फोटक संयुग तयार होते, म्हणून ते त्याच बैठकीत आम्लधर्मी करून टाकावे.

आकाराविषयी सांगायचे तर दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. विवर्तन शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाच्या एका सलग तुकड्याचा आकार सांगते. डीएलएस मात्र पाण्यात फिरणारा गोळा मोजते, ज्यात कण, त्यावरचे वनस्पतिद्रव्याचे वेष्टन आणि एकमेकांना चिकटलेले कण हे सर्व येते. शिवाय इतक्या लहान कणांकडून विखुरला जाणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढत असल्याने १०० नॅनोमीटरचा एक गोळा १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश फेकतो. थोडे मोठे गोळे संपूर्ण आकडा आपल्याकडे ओढून घेतात, म्हणून प्रबंधात दोन्ही आकडे द्या आणि कोणता कशाचा आहे ते लिहा.

आता वनस्पती नेमके काय करते याकडे येतो. धातूचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत ठेवणे ही जुनी विद्या आहे: मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या माणिकरंगी द्रवाचा अभ्यास मांडला आणि टर्केविच यांच्या १९५१ च्या कामापासून सायट्रेटने सोन्याचे कण करण्याची रीत रूढ झाली. वनस्पतीच्या बाजूने पाहिले, तर टेक्सासमधील एल पासो येथे गार्डिया-टोरेस्डे यांच्या गटाने २००२ मध्ये जिवंत लसूणघासाच्या आत सोन्याचे नॅनोकण तयार होतात असे दाखवले. पानांचा काढा करून बाटलीत कण करण्याची आज रूढ असलेली पद्धत घडवण्यात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली सास्त्री यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. २००३ ते २००६ या काळात त्यांनी जिरेनियम, कडुनिंब, गवती चहा, चिंच आणि कोरफड यांवर काम प्रसिद्ध केले. त्यांतले गवती चहाचे २००४ मधील काम मला आजही सर्वांत सुंदर वाटते. त्या काढ्यात आधी सोन्याचे गोल कण तयार झाले, ते द्रवाच्या थेंबांसारखे एकमेकांत मिसळले आणि त्यांतून सपाट त्रिकोण तयार झाले, जे अवरक्त प्रकाश जोरात शोषतात. ते काम झाडाच्या नावामुळे गाजले नाही. काढ्याने कणाला विशिष्ट आकार दिला आणि तो कसा दिला हे टप्प्याटप्प्याने दाखवले, म्हणून गाजले.

अर्कातील पॉलिफिनॉल, फ्लेव्होनॉइड, क्षपणक शर्करा यांसारखी द्रव्ये चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतात (यालाच आयनाचे क्षपण म्हणतात) आणि स्वतः क्विनोनसारख्या रूपात जातात. चांदीचे प्रमाण क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचे माप, अधिक ०.८० व्होल्ट आहे, म्हणून हे सहज घडते, आणि सोन्याच्या क्लोराइड-संयुगाबाबत ते सुमारे १ व्होल्ट असल्याने तेथे आणखी सहज घडते. जस्ताचे उणे ०.७६ व्होल्ट आहे. तेव्हा 'तुळशीच्या अर्काने जस्ताचे क्षपण होऊन झिंक ऑक्साइड तयार झाले' असे कोठे वाचलेत तर पुढे वाचण्याची घाई करू नका: झिंक ऑक्साइडमध्ये जस्ताचे क्षपण झालेलेच नसते, अर्क जस्ताला बांधून ठेवतो आणि भट्टीत भाजल्यावर त्याचे ऑक्साइड होते. चहाच्या अर्कातील 'शून्य-संयुजी लोह' म्हणून जे सांगितले जाते, तेही पुष्कळदा लोह आणि पॉलिफिनॉल यांचे काळे संयुग असते, म्हणजे जवळजवळ जुन्या काळची शाई.

एफटीआयआरबद्दल (अवरक्त वर्णपटाबद्दल) तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो. ३४०० आणि १६३५ च्या आसपासचे पट्टे दाखवून 'प्रथिने व फिनॉल यांनी कण वेढले' असे लिहिण्याची प्रथा आहे. नीट न वाळलेल्या भुकटीतले पाणीही नेमके तेथेच पट्टे देते.

पेट्रीपात्र

मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते, म्हणून फक्त वलयांपुरते लिहिते.

१३ मिलिमीटरच्या वलयात ६ मिलिमीटर तुमची खाचच आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मिलिमीटरची पट्टी मिळाली. वलयाची रुंदी द्रव्य आगरमध्ये किती पसरते यावरही अवलंबून असते. चांदीचे आयन माध्यमातील क्लोराइडशी आणि गंधकयुक्त अमिनो आम्लांशी अडकतात आणि मोठे कण तर जागचे फारसे हलतही नाहीत. त्यामुळे चांदीच्या बाबतीत वलयावरून शक्ती मोजणे म्हणजे आवाज कोठवर ऐकू आला यावरून माणसाचे वजन ठरवण्यासारखे आहे. जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या वलयाशी तुमच्या वलयाची तुलना करून टक्केवारी काढलेली असेल, तर ती कृपया काढून टाका.

सिल्व्हर नायट्रेटचे नियंत्रण न ठेवणे ही तुमच्या कामातली सर्वांत मोठी उणीव आहे, कारण परीक्षक जो प्रश्न विचारणार आहे त्याचे उत्तर त्याच खाचेत होते. ते मारणार हे सर्वांना माहीत आहे. चांदी तेवढीच ठेवून कण त्याहून काही वेगळे करतात का, हा प्रश्न आहे. जुना_रसायनी यांच्या हिशेबाने तुमच्या खाचेत चांदी जास्तीत जास्त १५.६ मायक्रोग्रॅम होती, म्हणून तुलनेसाठी सिल्व्हर नायट्रेटचे साधारण २.९ मिलिमोलर द्रावण तितकेच, म्हणजे ५० मायक्रोलिटर, घाला. धुताना वेगळे काढलेले वरचे द्रवही एका खाचेत घाला. त्यानेच वलय दिले, तर कण नीट धुतले गेलेले नाहीत आणि तुम्ही उरलेले आयन मोजत आहात असे समजा.

या शंकेला आधार आहे. ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठातील अल्वारेझ यांच्या गटाने २०१२ मध्ये ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात ई. कोलायला चांदीच्या नॅनोकणांत ठेवून पाहिले. ऑक्सिजनअभावी कणांचे ऑक्सिडीकरण होऊन आयन सुटले नाहीत आणि जिवाणूही मेले नाहीत. कण हा आयनांचा साठा आहे आणि काम आयन करतात, असे त्यावरून दिसते. साठा असणे ही उपयोगाची गोष्ट आहे, कारण जखमेवर हळूहळू सुटणारी चांदी हवीच असते. मात्र मग तुमच्या प्रबंधात 'किती वेळात किती आयन सुटले' हा आलेख असायला हवा.

जमल्यास ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (पोषक द्रवात द्रव्य टप्प्याटप्प्याने विरल करून) किमान प्रतिबंधक संहती, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारे सर्वांत कमी प्रमाण, काढा. ई. कोलायसाठी एटीसीसी २५९२२ आणि स्टॅफिलोकॉकससाठी २९२१३ हे प्रमाण वाण घ्या, जिवाणूंची सुरुवातीची संख्या प्रति मिलिलिटर पाच लाखांच्या आसपास ठेवा आणि संहती भुकटीची न देता चांदीची द्या. तुमचे मिश्रण तपकिरी असल्याने गढूळपणा डोळ्यांनी ठरवता येणार नाही, आणि रेझाझुरिनसारखा रंगदर्शक घातला तर पॉलिफिनॉल त्यालाही स्वतःच क्षपित करू शकतात. अशा वेळी प्रत्येक खळग्यातून थेंबभर घेऊन आगरवर पसरवणे आणि वसाहती मोजणे हाच बिनचूक मार्ग आहे. कंटाळवाणा आहे, हे मान्य.

'चांदीला प्रतिरोध निर्माण होत नाही' हे वाक्य तुमच्या प्रस्तावनेत असेल तर तेही तपासा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला सापडल्याचे १९७५ मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि पुढे त्या प्रतिरोधाची जनुके प्लाझ्मिडवर (एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर) सापडली. नॅनोकणांपुरते बोलायचे तर २०१८ मध्ये 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त आलेले पानाचेक आणि सहकाऱ्यांचे काम जरूर वाचा. चांदीच्या कणांना वारंवार सामोरे गेलेले जिवाणू फ्लॅजेलिन हे प्रथिन सोडू लागले, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून निकामी झाले, आणि डाळिंबाच्या सालीच्या अर्काने फ्लॅजेलिनची निर्मिती दाबल्यावर कण पुन्हा परिणामकारक ठरले. वनस्पतीने चांदीला खरोखर मदत केल्याचे असे उदाहरण मला इतर कोठे इतक्या स्पष्टपणे दिसलेले नाही, आणि गंमत अशी की तेथे तिचे काम कण घडवण्याचे नव्हतेच.

वैद्य_कट्टा

चर्चा फार उद्बोधक आहे. मला एक वेगळा मुद्दा मांडावासा वाटतो. निर्गुडी आपल्याकडे सांधेदुखीवर, सुजेवर पिढ्यानपिढ्या बाहेरून वापरली जाते. पाल्याचा शेक आणि निर्गुडीचे तेल घराघरांत माहीत आहे. सुवर्णभस्म, रौप्यभस्म यांची परंपराही जुनी आहे आणि काही भस्मांत नॅनो आकाराचे कण आढळल्याचे प्रसिद्ध झालेले आहे. तेव्हा निर्गुडीने वेढलेली चांदी ही रासायनिक पद्धतीने केलेल्या चांदीपेक्षा शरीराला अधिक मानवणारी असणार, असे मानायला काय हरकत आहे?

मात्रा_आणि_मार्ग

वैद्य_कट्टा, आपल्या प्रश्नात 'असणार' हा शब्द आहे आणि माझा सारा व्यवसाय त्याच शब्दावर चालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी औषधनिर्मितीत फॉर्म्युलेशनचे काम करतो.

भस्म आणि हे कण यांत कण लहान असण्याखेरीज समान असे फार थोडे आहे. भस्म हे शोधन, मारण आणि वारंवार पुटे देऊन केलेले, पुष्कळदा ऑक्साइड किंवा सल्फाइड रूपातले द्रव्य आहे. हे कण मात्र पाण्यात तरंगणारी, आयन सोडत राहणारी धातुरूप चांदी आहेत आणि त्यांवर काढ्यातले जे काही चिकटले असेल त्याचे वेष्टन आहे. एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याची सुरक्षितता ठरवता येत नाही. तसेच निर्गुडीचा पाला त्वचेवर चालतो यावरून निर्गुडीतले एखादे द्रव्य रक्तात चालेल असेही म्हणता येत नाही. चांदी दीर्घकाळ पोटात घेतल्यास त्वचा कायमची राखाडी-निळी पडते, ज्याला आर्जिरिया म्हणतात. त्या चांदीवर वेष्टन कोणत्या झाडाचे होते हे त्वचा विचारत नाही.

अर्काने केलेल्या कणांत आणखी अडचणी आहेत. पावसाळ्यातल्या पानात आणि चैत्रातल्या पानात फिनॉलचे प्रमाण सारखे नसते, म्हणून दोन घाण्यांचे कण सारखे येतीलच असे नाही. ताज्या पानावरचे जिवाणू उकळल्याने मरतात, परंतु त्यांचे एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातले विषद्रव्य) साध्या उकळण्याने नष्ट होत नाही आणि ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतूनही ते पार होते; मग पेशींवर दिसलेला दाहकारक परिणाम चांदीचा की एंडोटॉक्सिनचा हे सांगता येत नाही. एमटीटी चाचणीत जिवंत पेशींनी जो जांभळा रंग द्यायचा असतो, तो पॉलिफिनॉल पेशींशिवायही देऊ शकतात. ओढ्याकाठी, 'कर्करोगावर उपयुक्त' हे वाक्य ज्या निबंधांत तुम्हाला आढळले, त्यांत पेशी नसलेल्या खळग्याचे नियंत्रण होते का आणि तेच कण निरोगी पेशींवर घातले होते का, एवढे दोनच प्रश्न विचारून पाहा. बाटलीतल्या कर्करोग पेशी मारणे मुळीच अवघड नाही. त्या व्हिनेगरनेही मरतात.

धातूचे नॅनोकण वैद्यकात नाहीत असे मात्र नाही. घरी करायच्या गर्भधारणा चाचणीतली आणि कोविडच्या जलद चाचणीतली लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या कणांची असते. लोह ऑक्साइडचे फेरुमॉक्सिटॉल २००९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांतील लोहाच्या कमतरतेसाठी मान्य झाले. भाजलेल्या जखमांवर नॅनोस्फटिकी चांदीच्या पट्ट्या वापरात आहेत. सिलिकावर सोन्याचे कवच असलेल्या कणांनी प्रोस्टेटच्या गाठी तापवून नष्ट करण्याच्या प्राथमिक मानवी चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी कशाचीही वाट पानांच्या काढ्यातून गेलेली नाही, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या अडचणींतच आहे.

वनस्पतीचा भाग खरोखर उपयोगी पडतो तो तिच्यातले एकच द्रव्य निवडून त्याला ठरावीक काम दिले तेव्हा. मूळचे धारवाडचे कट्टेश कट्टी यांच्या मिसुरी विद्यापीठातील गटाने चहातील एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट या द्रव्याने किरणोत्सारी सोन्याचे कण वेढले. हे द्रव्य प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर मुबलक असलेल्या लॅमिनिन ग्राहीला चिकटते. कण उंदरांच्या गाठीत थेट टोचल्यावर, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, २८ दिवसांत नियंत्रण गटाच्या तुलनेत गाठींचा आकार ८० टक्क्यांहून अधिक कमी राहिला. येथे द्रव्य माहीत आहे, ते कशाला चिकटते ते माहीत आहे आणि सोने-१९८ चा अर्धायुकाल २.७ दिवस असल्याने किरणमात्राही मोजलेली आहे. हे उंदरांतले काम आहे, हेही त्याच दमात सांगायला हवे.

चांदीसाठी जवळचे उदाहरण हवे असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले बाह्य वापराच्या जेलचे काम पाहा. जिवाणूंवरील परिणाम, पेशींवरील विषाक्तता आणि उंदरांच्या त्वचेवरील सुरक्षितता हे सर्व एकाच उत्पादनाबाबत तपासण्याची रीत त्यातून कळेल. भारतात नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. चौथे प्रकरण लिहिण्याआधी ती चाळली, तर आपल्या कामानंतर किती पायऱ्या शिल्लक आहेत हे दिसेल आणि वाक्ये आपोआप लहान होतील.

ओढ्याकाठी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण काही गोष्टी करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे बरोबर वाटत नव्हते.

पाने बोअरच्या पाण्याने धुतली होती, हे मी पहिल्या संदेशात लिहायचे राहिले. अमोनियाच्या चाचणीत स्पष्ट पांढरी गढूळता आली. ऊर्ध्वपातित पाण्याने धुतलेल्या पानांचा नवा घाणा केला, त्यात ती कमी झाली. पण पूर्णपणे गेली नाही, म्हणजे पानातले क्लोराइडही त्यात आहेच. ई. कोलायविरुद्ध नव्या घाण्याच्या कणांना १३ मिलिमीटर, सिल्व्हर नायट्रेटला १४ मिलिमीटर आणि पहिल्या धुण्याच्या द्रवाला १० मिलिमीटर वलय मिळाले. तिसऱ्या धुण्याच्या द्रवाला वलय नाही. याचा अर्थ तिसऱ्या धुण्यापर्यंत सुटे आयन निघून गेलेले असावेत.

आता 'प्रभावी' हा शब्द काढला, तर प्रकरणात काय उरेल अशी काळजी वाटते. शीर्षक बदलावे का? आणि निर्गुडीचे योगदान दाखवण्यासाठी उरलेल्या आठवड्यात एखादाच प्रयोग करायचा झाला तर कोणता करावा?

जुना_रसायनी

शीर्षक बदला. 'निर्गुडीच्या पानांच्या अर्कातून मिळालेले चांदी व सिल्व्हर क्लोराइड यांचे मिश्र नॅनोकण: घडण, शुद्धीकरण आणि जिवाणुरोधक परिणामाची सिल्व्हर नायट्रेटशी तुलना' असे लिहिले तर ते तुमच्या हातातल्या आकड्यांइतकेच मोठे होईल. प्रकरणात उरेल ते असे: समान चांदी असताना या कणांचा परिणाम आयनांपेक्षा जास्त आढळला नाही, अपुऱ्या धुण्यामुळे परिणाम फुगलेला दिसू शकतो आणि तो तिसऱ्या धुण्याने वेगळा करता येतो, पाने धुण्याच्या पाण्याने उत्पादनाची रचना बदलते. शेवटचा निष्कर्ष मी स्वतः छापील रूपात फारसा पाहिलेला नाही आणि तो पुढच्या विद्यार्थ्याचे सहा महिने वाचवील.

एकच प्रयोग करायचा असेल तर सायट्रेटने चांदीचे कण करा, शोषणाचे शिखर तुमच्या कणांच्या शक्य तितके जवळ आणा, दोन्ही तिसऱ्यांदा धुऊन झाल्यावर आम्लात विरघळवून अणुशोषण यंत्रावर चांदी मोजा आणि समान चांदीच्या मात्रेला दोघांची तुलना करा. निर्गुडीच्या वेष्टनामुळे काही वाढ किंवा घट होत असेल तर ती या दोन खळग्यांच्या फरकात दिसेल, इतरत्र नाही. घट दिसली तरी ती लिहा.

वनस्पतीची ओळख अजून प्रमाणित केली नसेल, तर वाळवलेला नमुना फुलोऱ्यासह भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्राला दाखवून नमुना क्रमांक घ्या. निर्गुडी हे नाव व्हायटेक्स या वनस्पती-प्रजातीच्या एकाहून अधिक जातींना लावले जाते आणि तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

आणि धुण्याची सगळी द्रवे मोरीत ओतू नका. चांदी पाण्यातल्या जिवांना फार थोड्या मात्रेतही घातक असते. ती एका बरणीत साठवा, चमचाभर मीठ घाला, रात्रभर ठेवून तळाशी बसलेला पांढरा-करडा साका गाळून वाळवा आणि तपकिरी बाटलीत भरून, वर तारीख घालून रसायनशास्त्र विभागाकडे द्या. अमोनियाची परीक्षानळी मात्र या बरणीत रिकामी करण्याआधी आम्लधर्मी झाली आहे ना, हे लिटमसने पाहून घ्या.